ऑप्टिकल फायबर (प्रकाश वाहून नेणारा काचेचा धागा) जोडायला शिकताय? आधी सफाई

फायबरची टोकं वितळवून जोडणाऱ्या स्प्लाइसिंग मशीनची सेटिंग्ज आत्ता राहू द्या, ती ओघात येतील. सिंगल मोड (प्रकाशाला एकच वाट देणाऱ्या) फायबरचा, प्रकाश जातो तो गाभा जेमतेम 9 मायक्रॉनचा. धुळीचा एक कणसुद्धा प्रकाश अडवतो. म्हणून कनेक्टर जोडण्याआधी दर वेळी त्याचं टोक स्कोपखाली (सूक्ष्मदर्शकाखाली) बघा, पुसा, पुन्हा बघा. अगदी नवाकोरा, टोपी लावलेला असला तरी! मात्र आधी लेझर बंद असल्याची खात्री करा. 1550 नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, इजा मात्र करू शकतो.

नवशिके हमखास चुकतात ते इथे:

- हिरवा कनेक्टर निळ्याला जोडतात. हिरव्याचं टोक 8 अंशांत तिरकं असतं, ते सपाटाला नीट टेकतच नाही.
- क्लीव्ह, म्हणजे फायबरच्या टोकाचा काप, वाकडा आला तरी रेटतात. पुन्हा कापा.
- काचेचे तुकडे टेबलावर सोडतात. ते कातडीत घुसतात. झाकणाचा डबा हवाच.

सुरुवातीचे सांधे बिघडतील, बिघडू द्या. टाकाऊ फायबर मागून घ्या आणि क्लीव्हचा हात बसवा.