घर बांधताय, मग संडास-बाथरूम किती? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : नमस्कार मॅडम, आम्ही वाळवा तालुक्यात राहतो, गावातलं जुनं घर पाडून त्याच जागी खाली-वर असं नवीन बांधतोय. घरात आम्ही सातजण, सासरे 74 वर्षांचे, सासूबाई 68, आम्ही दोघं, मुलगी दहावीला, मुलगा सहावीला आणि धाकटे दीर. इंजिनिअरने प्लॅन दिलाय त्यात चार बेडरूमला चार अटॅच आणि हॉलजवळ एक कॉमन असे पाच दाखवलेत. मिस्टर म्हणतात दोन बास झाले, एवढे धुणार कोण. सासूबाई म्हणतात घरात संडास नकोच, परसात 2015 ला बांधलेला आहे तो चांगला चालतोय. जत्रेला आणि दिवाळीला पंधरा-वीस माणसं मुक्कामाला असतात. पाणी एक दिवसाआड तासभर येतं. रोज यावरून घरात वाद होतोय आणि पुढच्या आठवड्यात प्लिंथचं (जोत्याचं) काम सुरू होणार आहे, तर नक्की किती करावेत?

उत्तर : ताई, बरं झालं प्लिंथच्या आधी विचारलंत, नंतर विचारणारेच जास्त असतात आणि मग फरशी फोडण्याशिवाय हातात काही राहत नाही.

सगळ्यात आधी बेडरूम मोजणं सोडा. चार बेडरूम म्हणून चार अटॅच हा हिशोब बिल्डरच्या फ्लॅटवरून आलाय. घरात किती लागतात ते ठरतं सकाळच्या दीड तासात, बाकीचे साडेबावीस तास एकसुद्धा पुरतो. आज रात्रीच एक कागद घ्या आणि बाथरूमच्या दाराजवळ खिळ्याला पेन बांधून लटकवा, जो आत जाईल त्याने वेळ लिहायची आणि बाहेर आला की परत लिहायची, संडास वेगळं अंघोळ वेगळी. आठवडाभर करा. मी प्रत्येक घराला हे करायला लावते आणि दरवेळी घरच्यांनाच आश्चर्य वाटतं की अडतं कुठे आणि आपण समजत होतो कुठे.

तुमचा कागद भरेपर्यंत मी अंदाजाने मांडते. मुलांची शाळा, तुमचा डबा, मिस्टरांचं कामावर जाणं धरून पावणेसहा ते सव्वासात ही घाईची वेळ, म्हणजे 90 मिनिटं. घाईत असणारे तुम्ही चौघं. माणशी संडासला 10 मिनिटं आणि अंघोळीला 15 धरा. आता चौघांना मिळून संडास-बाथरूम एकत्र असलेली एकच खोली दिली तर 25 चोक 100 मिनिटं, म्हणजे रोज भांडण ठरलेलं. पण त्याच जागेत मध्ये भिंत घालून संडास वेगळा आणि न्हाणीघर वेगळं केलं की संडासला 40 मिनिटं, न्हाणीला 60, दोन्ही एकाच वेळी चालू, 90 मिनिटांत आरामात बसतं. एक भिंत आणि एक जास्तीचं दार, एवढाच काय तो खर्च! म्हणून मी किती करायचे यापेक्षा वेगळे करा असं आधी सांगते. आपल्या जुन्या घरात मोरी घरात आणि संडास लांब असायचा त्यातला लांबचा त्रास नको, पण वेगळेपणा फार कामाचा होता आणि तो आपण अटॅचच्या नादात घालवला.

वॉशबेसिन तर दोन्हीच्या बाहेर पॅसेजमध्ये घ्या. दात घासणं, दाढी, मुलीची वेणी यासाठी कुणी कडी लावून बसायचं कारण नाही.

आता तुमच्या घरासाठी माझं मत. घरात दोन कमोड, तीन न्हाण्या आणि परसातला आहे तो तसाच ठेवायचा. नीट सांगते.

खाली सासू-सासऱ्यांच्या खोलीला लागून एक अटॅच, आणि हा एकच मी एकत्र करायला सांगेन, 5 बाय 8 चा. कारण वय झालेल्या माणसाला कधी ना कधी दुसऱ्याने धरून न्यावं लागतं, तिथेच धुवावं लागतं, तिथेच अंघोळ घालावी लागते, तेव्हा मधली भिंत आड येते. पलंगापासून सहा-सात पावलांत पोचता आलं पाहिजे, रात्री दोन-तीनदा उठणारा माणूस जिना चढणार नाही की परसातही जाणार नाही. उंबरा अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको. दार तीन फुटी, आणि दार बाहेर उघडणारं.

हे दार बाहेर उघडणारं मी इतकं का धरून बसते ते सांगते. माझे वडील शेवटच्या वर्षात बाथरूममध्ये घसरले ते दाराला टेकूनच पडले, दार आत उघडणारं, आम्ही ढकलतोय तर त्यांच्याच अंगावर जातंय. खालच्या फटीतून त्यांची बोटं दिसत होती, बोलत होते, पण आम्हाला आत जाता येईना, शेवटी शेजारच्या सुताराने येऊन वरून फळी कापली, वीस मिनिटं गेली. घर बांधणाऱ्या ठेकेदाराला मी तेव्हा बोलले होते दार फिरवून बसव म्हणून, पॅसेज अडतो म्हणाला आणि मीही गप्प बसले. त्या दिवसापासून माझ्या कुठल्याही प्लॅनमध्ये म्हाताऱ्या माणसाचं दार आत उघडत नाही, आणि कडी अशी की बाहेरून नाण्याने फिरवून उघडेल. कमोडशेजारच्या भिंतीत धरायला स्टीलचा दांडा लावाच, तो नंतर टाईल्सवर ठोकला तर हलतो, म्हणून भिंत बांधतानाच गवंड्याला जागा दाखवून ठेवा.

वरच्या मजल्यावर तुमचं चौघांचं, संडास वेगळा न्हाणी वेगळी, दार पॅसेजमधून, कुणाच्याच बेडरूममधून नाही. संडास आत 3 बाय 4 फूट म्हणजे कमीत कमी झाला, तुम्ही साडेतीन बाय पाच घ्या, कमोडवर बसल्यावर गुडघे दाराला लागायला नकोत. न्हाणी 4 बाय 6 पुरते. मुलगी मोठी होतेय, तिच्यासाठी न्हाणीत खुंट्या, एक कोरडा कप्पा आणि संडासात झाकणाची छोटी बादली ठेवायला कोपरा आत्ताच धरा. हे कुणी प्लॅनवर लिहीत नाही आणि मुली बोलून दाखवत नाहीत, पण अडचण रोजची असते.

आणि हा वरचा भाग बरोबर खालच्या अटॅचच्या डोक्यावरच यायला हवा, स्वयंपाकघरावर किंवा देवघरावर नको. एकावर एक आले की पाइप एकाच शाफ्टमधून, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतून, सरळ खाली येतात, गळती झाली तरी ती बाथरूममध्येच दिसते. वरचा स्लॅब तिथे फूटभर तरी खाली सोडायला सांगा आणि कोबा भरायच्या आधी वॉटरप्रूफिंग करून पाणी तुंबवून दोन दिवस ठेवा, खालून छताला ओल आली नाही हे स्वतः डोळ्यांनी बघा आणि मगच फरशी. ठेकेदाराला घाई असते, तुम्हाला नसावी.

तिसरी न्हाणी मागच्या दाराशी, परसातल्या संडासाजवळ. शेतातून आल्यावर हातपाय धुणं, दिरांची अंघोळ, पाहुण्यांची सोय, कपडे-भांडी, सगळं तिथे.

सासूबाईंचं म्हणणं मला अर्धं पटतं बघा. परसातला 2015 चा आहे म्हणजे बहुतेक स्वच्छ भारतच्या 12,000 रुपयांच्या अनुदानातला दोन खड्ड्यांचा असणार. तो पाडू नका, फार चांगली गोष्ट आहे ती. एक खड्डा भरला की मधल्या चेंबरमध्ये तोंड फिरवून दुसरा चालू करायचा, पहिला दीड-दोन वर्षं बंद राहिला की त्याचं कोरडं खत होतं, वासही येत नाही. फक्त नवीन न्हाणीचं पाणी त्या खड्ड्यांत सोडू नका, खड्डे तुंबतात, ते वेगळ्या शोषखड्ड्यात नाहीतर परसातल्या केळींना द्या. जत्रेच्या दिवसांत हाच संडास तुम्हाला तारणार आहे, त्यामुळे वर्षातल्या आठ दिवसांसाठी आत आणखी दोन बांधायची गरज राहत नाही. पण घरात नकोच हे मात्र ऐकू नका. त्यांना एवढंच विचारा, सासऱ्यांना पावसाळ्यात रात्री दोन वाजता परसात कोण घेऊन जाणार. वास आणि विटाळाची त्यांची भीती खरी असते, त्यांनी तसेच संडास पाहिलेत, पण आता कमोडच्या वळणात कायम पाणी उभं राहतं आणि तेच वास अडवतं. बाहेरच्या भिंतीला खिडकी आणि पाइपला छताच्या वर जाणारी व्हेंट, म्हणजे वास वर सोडणारी नळी, असली की झालं. मिस्त्री व्हेंट विसरतात, त्याच्यामागे लागा.

मिस्टरांचं धुणार कोण हेही बरोबरच आहे, आणि धुणार बहुतेक तुम्हीच. एका 5 बाय 8 च्या बाथरूमला सात फुटांपर्यंत टाईल लावली तर दार वजा जाता भिंतीच्या साधारण 165 आणि जमिनीच्या 40, म्हणजे दोनशेच्या वर चौरस फूट टाईल होते. इंजिनिअरच्या पाचही बाथरूमचा आकडा तुम्हीच काढा, हजारच्या पुढे जातो, शिवाय नळ, गिझर, ट्रॅप (सांडपाण्याच्या तोंडाशी पाणी धरून वास अडवणारं वळण), आणि पुढची तीस वर्षं घासायचं ते वेगळं. न वापरलेल्या बाथरूमचं आणखी एक आहे, न्हाणी ट्रॅपमधलं पाणी सुकतं आणि मग वास आणि झुरळं तिथूनच वर येतात.

पाण्याचंही बघा. माणशी दिवसाला 135 लिटर धरायची पद्धत आहे, सातजणांचे 945, आणि पाणी एक दिवसाआड म्हणजे जमिनीतला हौद दोन हजार लिटरच्या खाली नको, पाणी एखादा दिवस उशिरा आलं तर म्हणून तीन हजारचा करा. फ्लश टाकी दोन बटणांची घ्या, 3 आणि 6 लिटरची, जुनी एका दमात 10 लिटर सोडायची.

सेप्टिक टँक मात्र किती संडास यावर ठरत नाही, किती माणसं यावर ठरते, इथे खूप जण फसतात. दहा माणसांसाठी आतून 2 मीटर लांब, 90 सेंटिमीटर रुंद आणि 1.4 मीटर पाण्याची खोली पुरते, दर दोन वर्षांनी उपसायची. तळाला काँक्रीट हवंच, बरेच जण तळ मोकळा ठेवतात म्हणजे टाकी भरत नाही आणि खूश होतात, पण ते सगळं जातं कुठे, शेजारच्या विहिरीत. शोषखड्डा विहीर-बोअरपासून 18 मीटर लांब ठेवा. आणि उपसणाऱ्या गाडीचा पाइप पोचेल अशा जागी टाकी घ्या, माणूस आत उतरवायचा नाही, 2013 च्या कायद्याने त्याला बंदी आहे आणि आतल्या गॅसने माणसं जातात.

प्लिंथच्या आदल्या दिवशी जमिनीवर फक्कीने खऱ्या मापात बाथरूम आखा, आत खुर्ची ठेवा आणि सासऱ्यांना त्यावर बसून उठायला सांगा. शेजारी तुम्ही उभ्या राहून बघा, त्यांना धरायला जागा उरते का.

प्रश्न : डोंबिवलीत वन बीएचके, आम्ही चौघं, संडास-बाथरूम एकत्र एकच. ड्राय बाल्कनीत दुसरा संडास काढता येईल का?

उत्तर : नका काढू दादा. तिथे मैल्याची उभी लाइन नसते, ढाळ मिळत नाही आणि खालच्या मजल्यावर बहुतेक कुणाचं तरी स्वयंपाकघर असतं, सोसायटी आणि महापालिका परवानगी देणं अवघडच. त्यापेक्षा आतलं बेसिन बाहेर पॅसेजमध्ये किंवा त्याच ड्राय बाल्कनीत घ्या, तिथे सांडपाण्याची लाइन असतेच, मशीनची. सकाळची दात-दाढीची दहा-दहा मिनिटं बाहेर आली की चौघांची चाळीस मिनिटं सुटतात. खोली आठ फूट लांब असेल आणि लांब बाजू पॅसेजला असेल तर मध्ये ॲल्युमिनियमचं पार्टिशन घालून दुसरं दार काढता येतं का ते इंजिनिअरला जागेवर दाखवा, पण ती भिंत नुसती विटांची आहे की आत कॉलम आहे ते बघितल्याशिवाय हातोडा लावू देऊ नका.