वाचकांचे प्रश्न : चिंध्या आठवणारा माणूस आणि टाकळघाटचा नाला

प्रश्न : नमस्कार. आमच्या गावात चर्च नाही, महिन्यातून एकदा पास्टर येतात आन् कोणाच्यातरी ओसरीत प्रार्थना होते. मागच्या वेळी बोलता बोलता त्यांनी एबद-मलेख असं नाव घेतलं आन् पुढं निघून गेले, विचारायचं राहूनच गेलं. हा कोण? राजा होता का संदेष्टा?
– एक वाचक, घाटंजी तालुका

उत्तर : भाऊ, राजा नाही आन् संदेष्टाही नाही, राजवाड्यातला खोजा होता तो, तोही परदेशी, कूश देशाचा म्हणजे इजिप्तच्या खाली आज सुदान आहे तिकडचा. आणि एबद-मलेख म्हणजे हिब्रूत नुसतं 'राजाचा सेवक', म्हणून आईबापानं ठेवलेलं नाव हेच होतं का लोक त्याला कामावरूनच हाक मारायचे, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

बायबलातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ३८ वा अध्याय काढा. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला, शहरातली भाकर संपत आलेली, आणि यिर्मया उघड सांगत होता की शहरात राहाल तर तलवारीनं, भुकेनं, रोगानं मराल, बाहेर जाऊन शरण जाल तर वाचाल. सरदार भडकले, म्हणे हा शिपायांचे हातपाय गाळतो. सिद्कीया राजा बोलला की तुमच्यापुढं माझं काही चालत नाही, मग त्यांनी यिर्मयाला दोरानं पहारेकऱ्यांच्या चौकातल्या हौदात सोडलं. हौद म्हणजे आपल्यासारखी बांधीव पायऱ्यांची विहीर समजू नका, तिकडं खडकात कोरलेली टाकी असायची, वर तोंड लहान आन् खाली पोट मोठं, आत पडलेला माणूस आपला आपण वर येऊच शकत नाही. पाणी नव्हतं, नुसता गाळ, आणि यिर्मया त्या गाळात रुतला.

एबद-मलेखाच्या कानावर गेलं तेव्हा राजा बन्यामिनी वेशीत बसला होता. हा वाड्यातून निघाला, सरळ तिथं गेला आणि म्हणाला की या लोकांनी वाईट केलं, तो भुकेनं मरेल. ज्या सरदारांपुढं राजाचीच हिंमत होत नव्हती त्यांच्याबद्दल एक परदेशी नोकर चारचौघात हे बोलला! राजानं ३० माणसं दिली.

पण मला खरं सांगायचं आहे ते पुढचं. दोर घेऊन तो थेट हौदावर नाही गेला, आधी भांडाराखालच्या खोलीत गेला, तिथून जुने फाटके कपडे, चिंध्या घेतल्या, दोरानं खाली सोडल्या आणि वरून सांगितलं की ह्या आधी काखेत ठेव, दोर त्याच्यावरून घे. आपल्याकडं मे महिन्यात विहिरीचा गाळ काढायला उतरलेल्या माणसाला विचारा भाऊ, दोर काखेत कसा काचतो ते. आमच्या वावरातल्या विहिरीवर मी लहानपणी पाहिलं आहे, उतरणारा माणूस आपला दुपट्टा काढून काखेत घालायचा आन् मगच दोर बांधायचा, तरी वर आला की चामडी लाल. आणि यिर्मया तर गाळात रुतलेला, उपाशी, ओढताना दोन्ही काखा सोलून निघाल्या असत्या. जीव वाचवायचं तर बऱ्याच जणांना सुचेल, पण वाचवताना त्याला दुखू नये हे शहर बुडायच्या घाईत ह्याला सुचलं, आणि बायबलात ती चिंध्यांची गोष्ट गाळली नाही, सविस्तर लिहून ठेवली. पुढं ३९ व्या अध्यायात यिर्मयाकडून त्याला देवाचा निरोप येतो की तू माझ्यावर भरवसा ठेवलास म्हणून तुझा जीव वाचेल. बस, त्यानंतर त्याचं नाव कुठंच येत नाही.

पुढच्या वेळी पास्टर आले की हा उतारा पूर्ण वाचायला सांगा, दहा मिनिटं लागतील.

प्रश्न : माझा मुलगा नागपूरला हिस्लॉप कॉलेजात शिकतो. हे हिस्लॉप तिथले पहिले प्रिन्सिपल होते का?
– एक आई, बुटीबोरीजवळून

उत्तर : नाही ताई. कॉलेज १८८३ चं आणि रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप त्याच्या २० वर्षं आधीच वारले, आणि कुठं वारले तर तुमच्याच भागात. स्कॉटलंडचे मिशनरी, १८४५ मध्ये नागपूरला आले, शाळा चालवल्या, आणि फिरता फिरता दगड गोळा करायचे. नागपूरजवळ टाकळीला आणि खाली चंद्रपूरकडं मांगलीला त्यांना जुन्या जीवांचे अवशेष सापडले, विदर्भाच्या दगडांचा अभ्यास नीट सुरू झाला तो ह्यांच्यापासून, असं मी तरी मानतो. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची शिळावर्तुळं, म्हणजे जुन्या लोकांच्या दफनाभोवती रचलेले मोठे धोंडे, पाहून घोड्यावरून परत येत होते, पावसाळ्याचे दिवस, नाला भरून आलेला, त्यात ते बुडाले. ४६ वर्षं पूर्ण व्हायला चारच दिवस होते.

गोंड लोकांबद्दल त्यांनी लिहून ठेवलेले कागद तसेच पडून राहिले असते, ते मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापून घेतले. गोंड लोक ज्याला आपला आद्य गुरू मानतात त्या लिंगोचं गीत त्यात आहे, गोंडी शब्दांसकट. मुलाला म्हणा, टाकळघाट घरापासून लांब नाही, सुट्टीत आला की ते धोंडे एकदा पाहून ये, पण पावसाळा सरल्यावर.