सरासरी, मध्य, मध्यक आणि बाजारभावातला 'सर्वसाधारण दर'

प्रश्न असा आहे : शाळेच्या पुस्तकात मध्य, मध्यक, बहुलक असे तीन शब्द येतात. बोलताना आपण सगळ्यालाच सरासरी म्हणतो. मग सरासरी म्हणजे यातलं नेमकं कोणतं?

गणितापुरतं उत्तर सोपं आहे : मध्य. आकड्यांची बेरीज करायची आणि आकडे जितके असतील तितक्याने भागायचं. हवामान खातं 'सरासरीच्या अमुक टक्के पाऊस' म्हणतं ती हीच. देशभरातल्या जून ते सप्टेंबरच्या पावसासाठी ती १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांवरून काढलेली आहे, ८७ सेंटिमीटर. फलंदाज ब्रॅडमनची कसोटीतली ९९.९४ त्याच जातीची.

पण बोलीतला 'सरासरी' इतका काटेकोर नाही. मुळात तो फारसी. 'सरासर' म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळंच्या सगळं. हिंदीतल्या 'सरासर झूठ'मध्ये तो अर्थ अजून शाबूत आहे. मराठीत त्याला हिशेब चिकटला, तरी 'सरासरी दोन तास धर' म्हणणारा माणूस भागाकार करत नसतो.

या सैलपणाचा घोळ होतो तो कांद्याच्या भावात. शेतमालाच्या बाजाराचं काम पाहणाऱ्या राज्याच्या पणन मंडळाच्या दरपत्रकात कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. केंद्राच्या अ‍ॅगमार्कनेट या बाजारभावांच्या संकेतस्थळावर तिसऱ्या रकान्याचं नाव 'मोडल प्राइस' आहे, म्हणजे बहुलक : सगळ्यात जास्त माल ज्या भावाने गेला तो. बातमीत मात्र बऱ्याचदा त्याचाच 'सरासरी दर' होतो.

समजा, सारख्या वजनाच्या सात ट्रॉल्यांचा लिलाव झाला. क्विंटलचे भाव निघाले ४००, ८००, १२००, १४००, १५००, १५०० आणि १६००. पहिली ट्रॉली गोल्टीची, म्हणजे बारीक कांद्याची. बेरीज ८४००, म्हणून मध्य १२००. चढत्या क्रमात बरोबर मधली ट्रॉली चौथी, म्हणून मध्यक १४००. दोनदा आलेला भाव १५००, तो बहुलक. आणि पुष्कळ जण मनातल्या मनात किमान-कमाल जोडून निम्मं करतात, ते येतात १०००. हा आकडा या तिघांपैकी कोणीच नव्हे! एकाच लिलावाला १००० म्हणा नाहीतर १५००, 'सरासरी' हा शब्द दोन्हीकडे खपून जातो. बोलण्यात खपतोही, पण बातमीत खपू नये. 'सर्वसाधारण' हा शब्द पणन मंडळाने चांगला निवडला आहे, तोच ठेवावा. (प्रत्यक्षात ट्रॉल्यांचं वजन सारखं नसतं. तेव्हा खरी सरासरी हवी असेल तर प्रत्येक भावाला वजनाने गुणून, एकूण रकमेला एकूण वजनाने भागायला हवं. तिला भारित सरासरी म्हणतात.)

आता पारिभाषिक शब्दांबद्दल. 'मध्य' ही निवड मला पटलेली नाही. नेहमीच्या मराठीत मध्य म्हणजे मधोमध, आणि इथे मधोमध असतो तो मध्यक. वरच्या उदाहरणात मध्य १२०० आहे आणि त्याच्या खाली दोनच ट्रॉल्या आहेत. दोन शब्दांत फरक फक्त एका 'क'चा, त्यामुळे परीक्षेत मुलं अदलाबदल करतात यात नवल नाही. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत मध्यमान आणि मध्यांक भेटतात. ते कानाला तरी वेगळे लागतात. एक सोय मात्र मराठीने केली आहे. त्रिकोणाच्या शिरोबिंदूपासून समोरच्या बाजूच्या मध्यबिंदूपर्यंतच्या रेषाखंडाला इंग्रजीत मीडियनच म्हणतात. आपण त्याला मध्यगा म्हणतो, त्यामुळे भूमिती आणि सांख्यिकी एकमेकांच्या पायात येत नाहीत.

बहुलक शब्द चांगलाच आहे. फक्त हिंदी रसायनशास्त्राचं पुस्तक हाती आलं तर दचकू नका, तिथे बहुलक म्हणजे पॉलिमर. मराठीत त्याला बहुवारिक म्हणतात.

राहिला लिहिण्यातला वापर. पाऊस, धावा, मायलेज यांना सरासरी बिनधास्त वापरा. पगार, घरांच्या किमती अशा ठिकाणी चार गडगंज आकडे मध्याला वर ओढून नेतात, म्हणून तिथे मध्यक दिलेला असतो. त्याचं 'सरासरी उत्पन्न' असं भाषांतर केलं तर ते सरळ चूक. 'मध्यक उत्पन्न' जड वाटत असेल तर 'निम्म्या कुटुंबांचं उत्पन्न याहून कमी आहे' असं लिहावं.