"नियम माझा नाही, मग शिव्या मलाच का?" राइडच्या दारात उभ्या असलेल्या ऑपरेटरची अडचण

मनोरंजन उद्यानांत राइडवर काम करणारी मुलंमुली समुपदेशनाला येतात, तेव्हा सांगतात ती गोष्ट बहुतेक एकच असते. उंची कमी भरली म्हणून एखाद्या मुलाला राइडवर घेतलं नाही की आईवडील चिडतात. आधी विनवणी, मग चढा आवाज, मग "तुझी लायकी काय, बोलाव तुझ्या मॅनेजरला", आणि शेवटी तोंडासमोर धरलेला मोबाइल. नियम कंपनीचा, उंची मुलाची आणि अपमान मात्र मध्ये उभ्या असलेल्या माणसाचा. "मी हे एवढं मनाला का लावून घेतो? बाकीचे तर हसून सोडून देतात," असं ते विचारतात.

एका ऑपरेटरच्या उदाहरणावरून याचं उत्तर देतो. त्याची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय चोवीस, आयटीआय झालेला, महाराष्ट्रातल्या एका मोठ्या उद्यानात रोलरकोस्टरवर कामाला. १२० सेंटीमीटरच्या खाली कुणाला घ्यायचं नाही, हा त्या राइडचा नियम. शनिवारी रात्री त्याला झोप लागत नव्हती. रविवारी सकाळी बसमध्येच पोटात गोळा यायचा. घरी धाकट्या बहिणीने साधं "दादा, चहा घेतोस का?" विचारलं तरी तो डाफरायचा. काम त्याला आवडत होतं, यंत्राची जाणही चांगली होती. तरीही नोकरी सोडायचं त्याने जवळजवळ ठरवलं होतं, कारण "रोज कुणाच्या तरी पोराला रडवायचं काम आहे हे."

अशा वेळी लगेच "मनावर घेऊ नका" असं सांगण्यात काही अर्थ नसतो. त्याला एक साधी वही ठेवायला सांगितली. प्रत्येक वादाची एक ओळ: वेळ, मुलाची उंची किती भरली, ती आधी कुठे मोजली होती, पहिलं वाक्य तो काय बोलला, इनचार्ज आले का आणि आल्यावर काय म्हणाले. पंधरा दिवसांत वहीने जे दाखवलं, ते नुसत्या बोलण्यातून कळलं नसतं.

बहुतेक भांडणं दुपारी चारनंतरची होती. एक कारण उघड आहे: तोवर ऊन, पायपीट आणि भूक सगळ्यांच्या अंगात भरलेली असते. दुसरं कारण फार जणांना ठाऊक नसतं. दिवसभर उभं राहून, चालून, पळून मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि माणसाची उंची संध्याकाळपर्यंत एखाद्या सेंटीमीटरने कमी भरते, मुलांचीसुद्धा. सकाळी घरी भिंतीला उभं करून "१२० आहे" म्हणून मोजलेला मुलगा संध्याकाळी ११९ भरू शकतो. आई खोटं बोलत नसते आणि उंची मोजायचा बोर्डही खोटा नसतो. हे कळल्यावर या तरुणाचा सूरच बदलला. समोरचा आपल्याला फसवतोय असं वाटत असलं, की आवाज आपोआप कडक होतो.

वहीतली दुसरी गोष्ट जास्त गंभीर होती. अडवलेल्या मुलांपैकी बरीच मुलं मुख्य प्रवेशद्वाराजवळच्या बोर्डवर पास झालेली होती. त्याने टेप आणून दोन्ही बोर्ड मोजले. प्रवेशद्वारावरच्या बोर्डसमोर मूल ज्या पेव्हर ब्लॉकवर उभं राहायचं ते उचलले गेले होते, त्यामुळे तिथे उभं राहिलेलं मूल दीड सेंटीमीटर उंच भरत होतं. म्हणजे उद्यानानेच सकाळी मुलाला हो म्हटलं आणि पाऊण तास रांगेत उभं केल्यावर नाही म्हटलं. अशा बापाच्या रागाला भांडकुदळपणा म्हणता येणार नाही. राइडवर काम करणाऱ्या प्रत्येकाला आमचं सांगणं आहे, की रोज सकाळी ट्रायल रन घेताना स्टीलच्या टेपने हाइट बोर्ड जमिनीपासून तपासा आणि चेकलिस्टवर सही करा. जमेल तिथे मोजणी रांगेच्या तोंडाशी करा, उंची भरली तर तिथेच मुलाच्या मनगटावर पट्टी बांधा आणि शेवटच्या गेटवर फक्त ती पट्टी बघा. निम्मी भांडणं तिथेच संपतात.

आता नियमाबद्दल. हा तरुण गेस्टना सांगायचा, "सॉरी सर, पॉलिसी आहे." हे वाक्य ऐकायला सभ्य आहे, पण त्यानेच आगीत तेल पडतं. पॉलिसी म्हटली की ती कुणीतरी केलेली असते, म्हणजे कुणीतरी वाकवूही शकतं, असा समोरच्याचा समज होतो. मग तो वाकवणारा माणूस शोधायला लागतो. खरं कारण सांगितलं तर वाद घालायला जागा कमी उरते आणि ते कारण आधी ऑपरेटरच्या स्वतःच्या अंगात भिनलेलं असावं लागतं.

लॅप बार, म्हणजे माणसाला सीटवर धरून ठेवणारी आडवी दांडी, मांड्यांच्या वरच्या बाजूला, कमरेच्या हाडाशी घट्ट बसायला हवा. हाड त्याला अडतं, म्हणून माणूस सीटवर राहतो. लहान अंगाच्या मुलाच्या बाबतीत तो बार मऊ पोटावर येतो किंवा मांडीवर टेकतच नाही. कोस्टर उतारावर सुटला की शरीर सीटवरून वर उचललं जातं आणि मूल बाराखालून पुढे सरकू शकतं. पाय खाली टेकत नसल्याने ते स्वतःला रेटून धरू शकत नाही. खांद्यावरून येणारा हार्नेस असेल तर तो खांद्याऐवजी मानेशी आणि कानाशी येतो. हे सगळं सीटवर बसवून एकेका मुलामागे तपासणं शक्य नसतं, म्हणून उत्पादक उंचीची एक रेघ ठरवून देतो. उद्यान ती रेघ वर नेऊ शकतं, खाली आणायचा अधिकार त्याला नाही.

"मी शेजारी बसतो ना, धरून ठेवतो," असं वडील हमखास म्हणतात. ज्या कोस्टरला दोघांमध्ये एकच बार असतो तिथे हे उलट धोक्याचं आहे. बार मोठ्या माणसाच्या मांडीला अडून थांबतो आणि शेजारच्या मुलाच्या मांडीवर वीतभर फट राहते. आणि धरून ठेवण्याचं म्हणाल, तर वळणावर तीन जी बल, म्हणजे वजनाच्या तिप्पट जोर, आलं की २० किलोचं मूल हाताला ६० किलोचं लागतं. कुठल्याच बापाच्या हाताचं ते काम नाही, कितीही माया असली तरी.

हा प्रश्न लहान मुलांपुरताच नाही. २४ मार्च २०२२ रोजी अमेरिकेत ऑरलँडोला फ्रीफॉल नावाच्या टॉवर राइडवरून चौदा वर्षांचा एक मुलगा पडून दगावला. तो लहान चणीचा नव्हता, उलट थोराड होता. उत्पादकाने घातलेली वजनाची मर्यादा सुमारे १३० किलो होती आणि त्याचं वजन त्याहून बरंच जास्त होतं. तपासात आढळलं, की त्या सीटचा सेन्सर हाताने हलवून ठेवलेला होता, त्यामुळे हार्नेस नेहमीपेक्षा खूप उघडा राहूनही सगळं ठीक असल्याचा दिवा लागला. उंची असो की वजन, शरीर आणि अडसर यांच्यामध्ये फट किती राहते, हेच बघायचं असतं. हे तपशील कळल्यावर "पोराला रडवायचं काम" हे शब्द या तरुणाने पुन्हा वापरले नाहीत.

मग बोलायचं कसं? याचा सराव आम्ही खोलीत उभं राहून, एकाने गेस्ट होऊन, पुन्हा पुन्हा घेतला. मोजताना मुलाच्या टाचा आणि पाठ बोर्डला टेकलेली, नजर समोर. टोपी, डोक्यावरचा बो, उंच टाचेचे सँडल काढायचे. आडवी पट्टी केस दाबून डोक्याला टेकेपर्यंत खाली आणायची. आकडा मोठ्याने वाचायचा आणि पालकांना स्वतः वाचायला सांगायचा. हवं तर दुसऱ्यांदा मोजायचं, तिसऱ्यांदा नाही. तिसऱ्या वेळी मूल चवड्यावर उभं राहतं, वडील पट्टीला हात लावतात आणि मोजणीची घासाघीस होते.

मग मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर खाली बसायचं आणि आधी त्याच्याशी बोलायचं. "इतका वेळ रांगेत शहाण्यासारखा उभा राहिलास. बार तुझ्या मांडीवर बसायला अजून दोन बोटं उंची हवी." वडिलांचा निम्मा राग हा पोरासमोर आपलं काही चाललं नाही याचा असतो. पोराचा मान राखला गेला, की तो राग उतरायला लागतो. त्यानंतर आईवडिलांना, उभं राहून, शांतपणे: "ताई, इथे १२० हवी, बाळाची ११८ भरली. ही राइड आज त्याला देता येणार नाही. पलीकडच्या राइडला १०५ चालते, तिथे आत्ता गर्दी कमी आहे." "नाही" लांबवायचं नाही. "बघतो", "थोडं थांबा", "इनचार्जना विचारतो" हे शब्द वहीत सर्वांत मोठ्या भांडणांच्या आधी आलेले होते. आशा लावून मोडली की माणूस जास्त चिडतो.

आईवडिलांपैकी दोघांनाही राइड घ्यायची असेल, तर डिस्नेच्या उद्यानांत 'रायडर स्विच' नावाची सोय आहे. एकजण मुलाजवळ थांबतो आणि पहिला परतला की दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. आपल्याकडच्या उद्यानांना ही सोय करायला एक रबरी शिक्का आणि चिठ्ठ्यांचं पुस्तक पुरतं. या तरुणाने ती सुचवली आणि ती चालू झाली. पार हात हलवत परत पाठवण्यापेक्षा काहीतरी देता येणं, याचा कामगाराच्या मनावर फार चांगला परिणाम होतो.

तरी काहीजण ऐकत नाहीत. तेव्हा तेच वाक्य, त्याच आवाजात, तीनदा. नवं कारण द्यायचं नाही, कारण प्रत्येक नव्या कारणाला नवा प्रतिवाद मिळतो. चौथ्यांदा इनचार्जला बोलवायचं. मोबाइल समोर आला तर हात लावायचा नाही, तोंड फिरवायचं नाही, तेच वाक्य कॅमेऱ्यातही बोलायचं. वाद रांगेच्या बाजूला घ्यायचा. आणि राइड चालवायच्या पॅनलवर असलेल्या माणसाने वादात पडायचंच नाही. ज्याचा हात गाडी सोडायच्या, म्हणजे डिस्पॅचच्या, बटणावर आहे त्याचं मन भांडणात असलं, तर बार न तपासता गाडी सुटते. मोजणारा आणि गाडी सोडणारा, ही दोन वेगळी माणसं हवीत. अंगावर कुणी धावून आलं तर थेट सिक्युरिटी, गरज पडली तर ११२.

एवढं सगळं जमल्यावरही त्याची शनिवारची झोप परत आली नव्हती. म्हणून वहीतला शेवटचा रकाना पुन्हा वाचला: इनचार्ज आल्यावर काय म्हणाले. एका रविवारी ओळखीचे गेस्ट आले होते. मूल ११६ भरलं. याने अडवलं. इनचार्ज आले, हसले आणि म्हणाले, "जाऊ दे रे, साहेबांची माणसं आहेत." मूल बसलं, गाडी फिरून आली, काही झालं नाही. उतरताना त्या वडिलांनी याच्याकडे बघून मान हलवली. त्या नोंदीनंतर वहीत सलग चार दिवस काहीच लिहिलेलं नव्हतं.

त्याचं दुखणं तिथे होतं. गेस्टच्या शिव्या त्याने पचवल्या असत्या. पण एकदा नियम वाकवला, की त्यानंतरचं प्रत्येक "नाही" त्याचं वैयक्तिक होतं. त्या दिवशी जमलं तर आज का नाही? म्हणजे हाच आडमुठा, असंच मागच्या रांगेतल्या सगळ्यांना वाटतं आणि काही दिवसांनी त्याला स्वतःलाही वाटायला लागतं. शिवाय ती गाडी फिरत असताना दीड मिनिट तो काय काय बघत होता, हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. आमच्या समोर तो पहिल्यांदा रडला तो हे सांगताना.

यावर श्वासाचे व्यायाम हा उपाय नाही. तसे ते आम्ही शिकवले: चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात पाच वेळा. वाद झाल्यावर छाती धडधडत असते, त्यासाठी ते उपयोगी पडतात. पण मूळ दुखण्यासाठी त्याने इनचार्जशी एकट्यात, सकाळच्या ब्रीफिंगआधी बोलायचं ठरवलं. तक्रारीच्या सुरात नाही. "साहेब, तुम्ही आल्यावर गेस्टसमोर आधी एकच वाक्य बोला: 'यांनी बरोबर मोजलंय.' मग हवं तर त्यांना फूड कूपन द्या, दुसऱ्या राइडला पुढे घ्या, काहीही करा. उंचीवर सूट मात्र नको. आणि द्यायचीच असेल, तर लॉगबुकमध्ये उंची लिहून तुमची सही करा." शेवटचं वाक्य सरावात त्याला सर्वांत अवघड गेलं. पण तेच उपयोगाला आलं, कारण सही करायची म्हटल्यावर सूट द्यायला कुणी पुढे येत नाही.

इनचार्ज आधी नाराज झाले. मग वही बघितली, पेव्हर ब्लॉकची गोष्ट वर कळवली आणि बोर्ड दुरुस्त झाला. भांडणं आजही होतात, मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत जास्तच. झोप मात्र आता लागते. रविवारी त्याला दर दोन तासांनी मोजणीवरून काढून लोडिंगला, म्हणजे गेस्टना गाडीत बसवायला, लावतात, म्हणजे सबंध दिवस "नाही" म्हणण्याचं काम एकाच्याच वाट्याला येत नाही.

सगळ्यांचं एवढ्यावर भागत नाही. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडालेली असेल, कामावर जाण्याच्या विचाराने उलटी येत असेल, दारू वाढली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर थांबू नका. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं. जे ठेकेदारामार्फत लागलेले आहेत त्यांना लॉगबुकवर सही मागणं धोक्याचं वाटतं, आणि ती भीती खोटी नाही. अशांनी हे एकट्याने न करता राइडवरच्या चौघांनी मिळून ब्रीफिंगमध्ये मांडावं आणि त्याच संध्याकाळी इनचार्जच्या मोबाइलवर दोन ओळींचा मेसेज टाकून ठेवावा: आज काय बोलणं झालं, काय ठरलं, तारीख.