लडाखला जाता येणार नाही, हे सरांना कसं सांगू?

मावशी, मी ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका खेड्यातली. वय 24. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं, नेट-जेआरएफ मिळाली. मला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, एसएस, म्हणजे आई-बाप दोघांकडून आलेला. मुंबईतल्या एका गटात गॅमा किरणांच्या खगोलशास्त्रात पीएच.डी.साठी निवड झाली आहे. मुलाखतीत सर म्हणाले, पहिल्याच वर्षी निरीक्षणासाठी लडाखमधल्या हानलेला पाठवू. मी हो म्हणून आले. आजाराचं बोललेच नाही. बोलले तर जागा जाईल. मैत्रीण म्हणते, गणिती भौतिकशास्त्र घे, कागद-पेनावर भागतं. माय म्हणते, इथंच मास्तरीण हो, आणि लग्न ठरेपर्यंत सिकलचं नाव काढू नको. लहानपणी भाताच्या रोवण्याच्या दिवसांत ती मला बांधीत, भाताच्या खाचरात, उतरू द्यायची नाही, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या कडेच्या बांधावर, बसून पेंढ्या मोजायला लावायची. आता जन्मभर धुऱ्यावरच बसायचं का?

बाळा,

हानलेला तू जायचं नाहीस. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं मोकळेपणी बोलता येईल.

हानले साधारण 4,300 मीटर उंचीवर आहे. समुद्रकाठी श्वासात जितका ऑक्सिजन मिळतो, त्याच्या साठ टक्क्यांच्या आसपासच तिथे मिळतो. ऑक्सिजन कमी पडला की तुझ्या रक्तातलं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून त्याच्या दांड्या होतात, पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. त्यात तिथली थंडी. दुखणं उठलं तर लेह अडीचशे किलोमीटरवर. गॅमा किरण हवेवर आदळला की कणांचा पाऊस पडतो आणि काही नॅनोसेकंदांपुरती निळसर झळक उमटते. ती पकडायला हवा जितकी विरळ तितकं बरं, म्हणून मेस ही 21 मीटरची दुर्बीण तिथे उभारली. ऑक्टोबर 2024 मध्ये तिचं उद्घाटन झालं. म्हणजे दुर्बिणीला जी हवा मानवते, नेमकी तीच तुला मानवत नाही. यात तुझं काही चुकलेलं नाही.

आता धुऱ्याचं. तू मोजलेल्या पेंढ्यांवरच कोणत्या बांधीला किती रोप लागलं याचा हिशेब व्हायचा ना? मग ते कामच होतं.

हेन्रिएटा लेव्हिटचं नाव तू वाचलं असशील. ऐकू कमी येत गेलेली, वरचेवर आजारी पडणारी ही बाई हार्वर्डमध्ये बसून ताऱ्यांचे फोटो असलेल्या काचेच्या प्लेटा तपासायची. त्या प्लेटा काढलेल्या असायच्या पेरूतल्या अरेक्विपाला. त्यांवरच्या छोट्या मॅगेलनी मेघातले, म्हणजे शेजारच्या एका लहान दीर्घिकेतले, तेज कमी-जास्त होणारे 25 तारे घेऊन तिने 1912 मध्ये तेजस्विता आणि आवर्तनकाळ यांचं नातं मांडलं. दीर्घिकांची अंतरं मोजायची वाट तिथून उघडली. आज तर खुद्द हानलेची 2 मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीणही बंगळुरूजवळच्या होसकोटेहून उपग्रहाच्या दुव्यावर चालवतात. ती दृश्य प्रकाशाची, तुझ्या विषयाची नव्हे, पण सांगण्याचा मुद्दा तुझ्या लक्षात येईल. तुझ्या विषयात वायुवर्षावांची, म्हणजे कणांच्या त्या पावसाची, संगणकावर नक्कल केल्याशिवाय दुर्बिणीने काय पाहिलं ते कळतच नाही. 2008 पासून फिरणारी फर्मी ही गॅमा किरणांची अवकाश दुर्बीण साधारण तीन तासांत सगळं आकाश पाहून घेते आणि तिचा डेटा सगळ्यांना खुला आहे. 2015 मध्ये अवकाशात गेलेल्या आपल्या अॅस्ट्रोसॅट उपग्रहाची क्ष-किरण निरीक्षणंही ठरावीक मुदतीनंतर खुली होतात.

मैत्रिणीच्या सल्ल्यावर मात्र मी थांबले. गणिती भौतिकशास्त्राची ओढ असेल तर जरूर जा. पण ते आजाऱ्याला झेपणारं सोपं काम आहे, ही समजूत चुकीची आहे. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवलं, आणि अठरा वर्षं मला आमवात आहे. माझा अनुभव असा, की दुखण्यात चार दिवस गेले तर अर्धवट लिहिलेला प्रोग्राम जिथे सोडला तिथेच सापडतो. लांबलचक सिद्धता तशी सापडत नाही. पाचव्या दिवशी वही उघडली की तिसऱ्या ओळीत तसं का लिहिलं हेच आठवत नाही, आणि पुन्हा पहिल्यापासून आत शिरावं लागतं. म्हणून कुठलंही काम घे, रोज काम थांबवून उठताना पानाखाली दोन ओळी लिहून ठेव: आज इथवर आले, उद्या हे करून बघायचं. कळा सुरू झाल्यावर तेवढंही लिहायचं त्राण राहत नाही, ते तुला मी सांगायला नको.

कुणीतरी तुला भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंगचं उदाहरण देईलच. त्यांना 1963 मध्ये, एकविसाव्या वर्षी मोटर न्यूरॉन आजाराचं निदान झालं, हे खरं. पण पुढे त्यांच्या भोवती घरचे होते, केंब्रिज होतं, शुश्रूषेला माणसं होती. त्यांच्या मापाने स्वतःला मोजू नकोस.

सरांना सांग. रुजू व्हायच्या आधी सांग. मी दोन वर्षं कॉलेजात लपवलं. तिसऱ्या मजल्यावरची प्रात्यक्षिकं टाळायचे, कारणं सांगायचे, आणि सगळ्यांनी मला कामचुकार ठरवलं. नंतर खरं सांगितलं तेव्हा ते आणखी एक कारण वाटलं. ते मला अजून लागतं.

विनवणी करू नकोस, कळवायचं तेवढं कळव: "मला सिकलसेल (एसएस) आहे. उंचावर जाणं मला वैद्यकीयदृष्ट्या धोक्याचं आहे. वर्षातून कधी कधी दुखणं उठतं, तेव्हा काही दिवस काम थांबेल. मी सिम्युलेशन आणि डेटा विश्लेषणाची जबाबदारी घेऊ इच्छिते." सोबत डॉक्टरांचं पत्र जोड. सर नाही म्हणाले तर वाईट वाटेल, मलाही वाटेल. पण जो गट हे ऐकून मागे सरतो, तिथे पाच वर्षं कळा लपवत काढणं त्याहून महाग पडलं असतं.

कागदपत्रांचा आळस करू नकोस. 2016 च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आहे. जिल्हा रुग्णालयातून तपासणी करून युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढ. प्रमाण 40 टक्के किंवा जास्त ठरलं तर सरकारी आणि अनुदानित संस्थांत उच्च शिक्षणाच्या 5 टक्के राखीव जागा आणि वयात 5 वर्षांची सूट आहे. पीएच.डी.ला युजीसीच्या 2022 च्या नियमांत सहा वर्षं, पुनर्नोंदणीने आणखी दोन, आणि स्त्रियांना त्यावर दोन वर्षांची सवलत मिळू शकते. ही दहा वर्षं डोक्यात ठेव, म्हणजे आजारपणाचा प्रत्येक आठवडा चोरल्यासारखा वाटणार नाही.

मुंबईत खोली शोधण्याआधी रक्तविकाराचे डॉक्टर आणि रक्तपेढी असलेलं रुग्णालय शोध. हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलचं औषध चालू असेल तर रक्ताच्या तपासण्या चुकवू नकोस. पाण्याची बाटली कायम जवळ. ताप 101 च्या वर गेला, छातीत दुखलं, धाप लागली, तर सकाळची वाट बघायची नाही.

लग्नाचं एवढंच, की लपवू नका. मुलाची सिकलची तपासणी करून घ्या. तो एए, म्हणजे सिकल नसलेला, असेल तर तुमची मुलं वाहक होतील, एसएस होणार नाहीत. तो एएस, म्हणजे वाहक, असेल तर प्रत्येक बाळंतपणात निम्मी शक्यता एसएसची. मायने हे नाव इतकी वर्षं दाबून ठेवलं, कारण लोकांची बोलणी तिलाच ऐकावी लागली असती, तुला नव्हे. तिच्यावर रागावू नकोस.

पत्र आज रात्री लिही, सकाळी एकदा वाच आणि पाठव. आणि मायला सांग, लडाखला जायचं नाही असं मावशीनेही बजावलंय. तेवढ्याने तिला आजची झोप तरी लागेल.

तुझी मावशी