हार्ट पॅकेजमध्ये एलपी-पीएलए२ वाढलेलं आलंय, ते कमी करायला औषध आहे का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: वय ४६, एलपी-पीएलए२ (रक्तातलं एक एन्झाइम) २६०, समोर लाल बाण, एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल १४२, आणि लॅबमधून ऐकलेलं वाक्य ‘रक्तवाहिन्यांना सूज आहे’. थेट सांगतो, एलपी-पीएलए२ चा आकडा खाली आणण्यासाठी वेगळं औषध बाजारात नाही, आणि तो खाली आणण्याच्या मागे लागूही नका. मागे लागायचं ते १४२ च्या.

आधी २६० पुढचं एकक बघा, प्रश्नात तुम्ही ते लिहिलेलं नाही. नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असेल तर एन्झाइम किती आहे ते मोजलंय. नॅनोमोल प्रति मिनिट प्रति मिलिलिटर असेल तर ते किती काम करतंय ते मोजलंय. या दोन आकड्यांची एकमेकांशी तुलना होत नाही. पहिल्या प्रकारात अडचण अशी की हे एन्झाइम बहुतांशी एलडीएलच्या कणात रुतून बसलेलं असतं. किटमधल्या अँटिबॉडीला त्यातलं सगळंच सापडत नाही, त्यामुळे एका लॅबचा आकडा दुसरीकडे जुळेलच असं नाही. दुसऱ्या प्रकारात सीरममध्ये कृत्रिम फॉस्फोलिपिड (एक प्रकारची चरबी) घालतात. एन्झाइमने ते तोडलं की शेवटी पिवळा रंग सुटतो, आणि तो किती वेगाने वाढतो ते ४०५ नॅनोमीटरवर वाचतात. माझा भरवसा या दुसऱ्या पद्धतीवर जास्त. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने डिसेंबर २०१४ मध्ये मंजूर केलेली चाचणी याच प्रकारची आहे, आणि तिची धोक्याची रेषा २२५ वर आहे.

सुजेचा मुद्दा पूर्ण खोटा नाही. ऑक्सिडाइज झालेलं फॉस्फोलिपिड हे एन्झाइम तोडतं, त्यातून लायसोफॉस्फॅटिडिलकोलीन नावाचा पदार्थ सुटतो, आणि तो दाह वाढवतो. म्हणूनच हे एन्झाइम बंद केलं तर हार्ट अटॅक कमी होतील, असा अंदाज बांधून डाराप्लाडिब हे औषध बनवलं गेलं. २०१४ मध्ये त्या औषधाच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. ‘स्टॅबिलिटी’ नावाच्या चाचणीत १५,८२८ रुग्ण होते, रोज १६० मिलिग्रॅमची गोळी, सुमारे पावणेचार वर्षं. हृदयविकाराने मृत्यू, हार्ट अटॅक किंवा स्ट्रोक झालेले औषधाच्या गटात ९.७ टक्के, औषध नसलेल्या नुसत्या गोळीच्या गटात १०.४ टक्के, फरक योगायोगाचा म्हणावा इतपतच. ‘सॉलिड-टिमी ५२’ या दुसऱ्या चाचणीत १३,०२६ रुग्ण होते, तिथे तेवढाही फरक दिसला नाही. वर जुलाब, आणि घामा-लघवीला विचित्र वास.

एन्झाइम दबलं होतं, तरी अटॅक टळले नाहीत. जनुकांनीही तेच सांगितलं. पूर्व आशियात पीएलए२जी७ या जनुकातला एक बदल बऱ्याच लोकांत आढळतो आणि त्याने हे एन्झाइम जन्मापासूनच निकामी असतं. चीनमधल्या सुमारे ९१ हजार लोकांच्या अभ्यासात असा बदल असलेल्यांना हृदयविकार काही कमी झालेला दिसला नाही. म्हणजे एलपी-पीएलए२ हा धुरासारखा प्रकार आहे, आग दुसरीकडे.

मग हा आकडा वाढलेल्यांत धोका जास्त दिसतो तो का? एलडीएलचे कण जास्त असले की त्यांच्यावर स्वार झालेलं एन्झाइमही जास्त. ७९ हजार लोकांचा डेटा एकत्र करून २०१० मध्ये जे विश्लेषण झालं, त्यात धोक्यातली वाढ जेमतेम १० टक्क्यांच्या आसपास होती, तीही एन्झाइम एका स्टँडर्ड डेव्हिएशनने (लोकांमधल्या नेहमीच्या चढउताराच्या एका मापाने) वाढलं तर. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) सुरू केलं की हा आकडा आपोआप उतरतो, कारण त्याला वाहून नेणारे कणच कमी होतात. इथे लोक हमखास चुकतात: ‘एलपी-पीएलए२ नॉर्मल आलं’ म्हणून गोळी बंद करतात. तसं करू नका.

तुमच्यासाठी मी दोन चाचण्या सुचवेन: एपोबी (एलडीएलसारखे घातक कण किती आहेत ते सांगणारी), आणि आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए. नाव सारखं वाटलं तरी लायपोप्रोटीन-ए ही एलपी-पीएलए२ पेक्षा वेगळी गोष्ट आहे. ती बरीचशी आनुवंशिक असते आणि भारतीयांत वाढलेली आढळणं दुर्मीळ नाही. सोबत बीपी, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), तंबाखू आणि घरात कुणाला कमी वयात अटॅक आला का, एवढं घेऊन फिजिशियनकडे जा. स्टॅटिनचा निर्णय यावर होईल. सुरू झालं तर ४ ते १२ आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल पुन्हा करा. एलपी-पीएलए२ पुन्हा करायची गरज नाही.

नेटवर व्हारेस्प्लाडिब हे नावही सापडेल. ते फॉस्फोलिपिड तोडणाऱ्या वेगळ्या एन्झाइमवरचं औषध. हृदयासाठीची त्याची चाचणी फायदा दिसेना आणि धोक्याची शंका आली म्हणून मधेच थांबवली, आणि तिच्यात हार्ट अटॅक उलट वाढलेले दिसले. पुढे त्याचा अभ्यास सर्पदंशावर झाला, भारतातही, कारण सापाच्या विषात त्याच कुळातली एन्झाइम्स असतात.