कपड्यांचा कचरा: कायद्याने कंपन्यांवर जबाबदारी टाकली तर फरक पडेल का, आणि तोवर आपण घरी काय करावं?

फरक पडेल, पण कायदा कारखान्याच्या गेटपर्यंत पोचला तरच.

लग्नाआधी मी अंधेरीच्या एका एक्स्पोर्ट गारमेंट युनिटमध्ये चेकिंगला होते. परदेशी बायरने लहान मुलांच्या टी-शर्टची ऑर्डर ऐनवेळी रद्द केली. थ्रेड कटिंग, प्रेस, पॅकिंग सगळं झालेलं. माल लोकलला विकायचा नाही, आपलं लेबल रस्त्यावर दिसता कामा नये, अशी बायरची अट. मग हेल्पर बायका पिशव्या फोडून एकेक शर्ट बाहेर काढायच्या आणि गळ्यापासून खालपर्यंत कात्री चालवायच्या. याच शर्टांचा एखादा टाका सुटला म्हणून मी पीस परत पाठवले होते. एकीने लेबल काढून आपल्या मुलासाठी एक मागितला, तर सुटताना गेटवर तिच्याच पिशवीची झडती झाली. चिंध्या गॅरेजवाल्यांकडे हात पुसायला गेल्या.

माझे दीर दर दिवाळीला ऐकवतात, ‘बायका कपाटं भरतात म्हणून हा कचरा.’ त्यांच्या आईने जन्मभर जुन्या साड्या बोहारणीला देऊन पातेली घेतली, उरल्यासुरल्याच्या गोधड्या शिवल्या. ते शर्ट तर कुणाच्या कपाटापर्यंत गेलेच नाहीत.

फ्रान्सने 2007 मध्येच कायदा केला: कपडा बाजारात आणणाऱ्यानेच तो गोळा करण्याचा, निवडण्याचा खर्च उचलायचा. पण फी पडते नगामागे काही सेंट. तेवढ्याने कोण कमी शिवणार? गोळा झालेला बराच माल परदेशी जातो. युरोपातली अशी जुनी कापडं घानाच्या कांतामांतो बाजारात गासड्यांनी उतरतात. 2020 च्या कायद्याने न खपलेला माल नष्ट करायलाही फ्रान्समध्ये बंदी आली, ते चांगलंच झालं. पण हे सगळं त्यांच्या बाजारात पोचलेल्या मालाचं. इथेच कापलेला शर्ट कुणाच्याच हिशेबात येत नाही. म्हणून मोजायचं ते किती शिवून घेतलं ते, आणि रद्द ऑर्डरचा भार बायरच्या माथी.

आपल्याकडे प्लास्टिक, ई-कचरा, बॅटऱ्या, टायर यांना उत्पादकाच्या जबाबदारीचे नियम आहेत, कपड्यांना नाहीत. ते यायलाच हवेत.

घरचं म्हणाल, तर कॉटन, पॉलिस्टर आणि लायक्रा एकत्र असलेलं कापड शक्यतो टाळा. ते धागे पुन्हा वेगळे करणं फार अवघड असतं. बाकी फाटेपर्यंत वापरा.

हो, एक राहिलं. फी लेबलच्या मालकाकडूनच घ्यावी. भिवंडी-इचलकरंजीचा मजुरीवर माग चालवणारा आधीच पिचलेला आहे, आणि मोठे लोक खर्च खाली ढकलण्यात पटाईत असतात. बोहारणीलाही कायद्यात जागा हवी, नाहीतर गोळा करायचं कंत्राट भलत्यालाच मिळेल. आणि तुमच्या घरीही कुणी बायकांच्या कपाटाकडे बोट दाखवत असेल, तर त्याला रद्द झालेल्या ऑर्डरचं काय होतं ते आधी विचारा. माझ्या दिरांनी अजून उत्तर दिलेलं नाही.